जुना संगणक खरा कशावरून?

एखादे तांब्याचे नाणे शिवकालीन आहे की नाही हे ठरवायचे तर नाणेतज्ज्ञ त्याचे वजन पाहतात, धातू पाहतात, अक्षरांचे वळण पाहतात. ताम्रपटाचेही तसेच. पण वस्तुसंग्रहालयात काचेमागे ठेवलेला संगणक खरा कशावरून? त्याचे सुटे भाग कारखान्यात हजारोंनी तयार झालेले असतात आणि त्यांपैकी कित्येक आजही विकत मिळतात. मग पन्नास वर्षांपूर्वी जोडलेले यंत्र आणि जुने भाग जमवून गेल्या वर्षी जोडलेले यंत्र, यांतला फरक ओळखायचा कसा?

हा प्रश्न रिकामपणचा नाही. १९७६ साली स्टीव्ह वॉझनियॅक यांनी रचना केलेला अ‍ॅपल-१ हा संगणक ६६६ डॉलर ६६ सेंटला विकला जाई. संगणक म्हणजे काय, तर नुसता एक सर्किट बोर्ड! पेटी नाही, कीबोर्ड नाही. असे साधारण २०० बोर्ड तयार झाले. पुढे अ‍ॅपल-२ आल्यावर कंपनीने जुने बोर्ड बदल्यात परत घेतले आणि मोडून टाकले. त्या वेळी ते दुर्मीळ आहेत असे कोणाला वाटले नव्हते. त्यांतलाच एक चालू स्थितीतला बोर्ड २०१४ साली अमेरिकेतील हेन्री फोर्ड संग्रहालयाने लिलावात ९,०५,००० डॉलरला घेतला, म्हणजे त्या वेळचे सुमारे साडेपाच कोटी रुपये. दरम्यान हौशी मंडळींनी या बोर्डाच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या. त्यांनी त्या प्रतिकृती म्हणूनच विकल्या, त्यात लबाडी नाही. पण वस्तू तिसऱ्या-चौथ्या हाती गेली की ‘प्रतिकृती’ हा शब्द वाटेत गळून पडतो.

तपासणारा माणूस पहिल्यांदा पाहतो ते चिपच्या पाठीवरचे आकडे. बहुतेक चिपांवर चार अंकी दिनांक-खूण छापलेली असते. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ‘८४२३’ म्हणजे १९८४ सालचा तेविसावा आठवडा, जूनचा पूर्वार्ध. यात एक चकवा आहे. ७४०४ हा एका साध्या चिपचा नमुना क्रमांकही आहे. तो दिनांक समजून कोणी १९७४ सालचा चौथा आठवडा असे वाचले तर सगळीच गफलत! म्हणून एकाच चिपवरचे दोन्ही आकडे शोधायचे आणि शेजारच्या चिपांशी ताडून पाहायचे.

आता तर्क असा. यंत्रातली कोणतीही मूळ चिप यंत्राच्या जन्मानंतरची असू शकत नाही. १९७६ मध्ये विकलेल्या बोर्डावर १९७९ ची चिप दिसली तर ती मागाहून बसवलेली आहे. उलट सगळ्या चिपा योग्य वर्षाच्या निघाल्या म्हणून यंत्र खरे ठरत नाही, कारण नकली यंत्र करणाराही योग्य खुणांच्या चिपा हुडकून आणू शकतो. काही जण तर चिपवरची मूळ अक्षरे घासून त्यांवर नवी छापतात. अशा छपाईवर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर ती बऱ्याचदा निघून येते.

डाखकामाचेही असेच आहे. जुन्या काळी कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने डाख देत. युरोपात २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशाला बंदी आली आणि कथिलात चांदी व तांबे मिसळलेला डाख रूढ झाला. क्ष-किरणांचा मारा करून प्रत्येक मूलद्रव्य परत कोणते किरण सोडते हे मोजता येते. बोर्डाला ओरखडाही न काढता डाखात काय आहे ते कळते. ‘१९७६ च्या’ बोर्डाच्या मूळ डाखात शिसे नसेल तर मामला संशयास्पद. शिसे असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. शिशाचा डाख आजही मिळतो.

अ‍ॅपल-१ च्या काही बोर्डांच्या मागे शाईने हाताने लिहिलेले क्रमांक आहेत. ते कोणी लिहिले याचा वाद बरीच वर्षे चालला. अखेर अक्षरतज्ज्ञांनी ते स्टीव्ह जॉब्स यांच्या हस्ताक्षराशी ताडून पाहिले आणि ते त्यांचेच असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे संगणकाची परीक्षाही फिरून अक्षराच्या वळणाशीच आली!

पण बदललेला भाग म्हणजे खोटेपणा नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. जुन्या रेडिओत असत तसे सुमारे २७०० व्हॉल्व्ह त्यात होते. व्हॉल्व्ह तापतात आणि जातात. ते बदलत राहणे हाच अशा यंत्राचा संसार. तेव्हा टिफ्रॅकच्या एखाद्या भागात १९६३ चा व्हॉल्व्ह मिळाला तर तो यंत्र वापरात होते याचाच पुरावा. १९६४ मध्ये संस्थेत सी.डी.सी. ३६०० हा परदेशी संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरत आले. त्यापुढच्या काळातला व्हॉल्व्ह मात्र प्रश्न विचारायला लावील.

टिफ्रॅकच्या स्मृतीत फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवलेल्या होत्या. एकूण २०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. एका बिटाला एक कडी धरली तर ८१,९२० कड्या होतात. सी.डी.सी. ३६०० चा शब्द ४८ बिटांचा होता. उद्या कोणी भंगारातून कड्यांचे जाळे आणून ‘हे टिफ्रॅकचे’ म्हणाले, तर आम्ही आधी मोजायला बसू. वर्गात मुलांना गुणाकार शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

कधी खरी वस्तूच खोटी दिसते. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुमारे २५० शाळांत सुरू केला. त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बी.बी.सी. मायक्रो हे संगणक आणले. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने हेच यंत्र ‘युनिकॉर्न’ या नावाने काढले. इंग्लंडमधल्या संग्राहकाला हे नाव पाहून वाटावे की कोणी पट्टी बदलली. प्रत्यक्षात ती पट्टीच त्या यंत्राला भारतीय ठरवते.

अशी पट्टी, शाळेने रंगाने घातलेला क्रमांक, पिवळे पडलेले प्लास्टिक, हे सगळे पुरावे आहेत. आमच्या कळवण तालुक्यात सप्तशृंग गडावर २०२२ साली देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवला तेव्हा आतले मूळ रूप दिसले. संगणकाच्या बाबतीत आमचे मत उलट आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून प्लास्टिक पांढरे करण्याची हौस संग्राहकांत आहे. तिने आत लपलेले काही दिसत नाही, उलट वयाची खूण पुसली जाते.

पण सर्वांत भरवशाचा पुरावा यंत्रात नसतो, कागदात असतो. दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ‘कोलोसस’ यंत्राची पुनर्रचना इंग्लंडमध्ये टोनी सेल यांनी केली, तेव्हा मूळ आराखडे नष्ट झालेले होते. १९४५ ची आठ छायाचित्रे आणि जुन्या अभियंत्यांनी जपून ठेवलेल्या सर्किटांच्या आकृत्यांचे तुकडे, एवढ्यावर काम उभे राहिले.

आपल्याकडे असा कागद प्रत्येक शाळेत आहे: डेडस्टॉक रजिस्टर. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, पुरवठादार, किंमत, सारे काही त्यात असते. संग्रहालये ज्याला वस्तूची पूर्वपीठिका म्हणतात ती हीच. कळवण, सुरगाणा, सटाणा भागातल्या शाळांतून पहिल्या पिढीचे संगणक निर्लेखन होऊन भंगारात जातात तेव्हा यंत्र आणि रजिस्टर यांची ताटातूट होते आणि दोन्ही मुके होतात. निर्लेखनाचा ठराव करण्यापूर्वी यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक रजिस्टरच्या शेऱ्यात उतरवावा, पट्टीचा फोटो काढावा आणि वीजजोडणी काढून मुलांसमवेत पेटी उघडून दहा-बारा चिपांवरच्या दिनांक-खुणा वहीत लिहून घ्याव्यात. सर्वांत अलीकडची खूण आणि बिलाची तारीख यांत किती आठवडे जातात हे मुलांनाच काढू द्यावे. जुना काचेचा मॉनिटर मात्र उघडू नये. बंद केल्यावरही त्याच्या आत हजारो व्होल्टचा विद्युतभार राहिलेला असू शकतो.