शोधनिबंध सर्वांसाठी : ‘मुक्त प्रवेश’ म्हणजे काय?

जेऊर हे करमाळा तालुक्यातील, पुणे-सोलापूर लोहमार्गावरील गाव. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने डाळिंबावरील तेल्या रोगाविषयीचे शोधनिबंध इंटरनेटवर शोधले, तर सारांश लगेच दिसतो; संपूर्ण निबंधासाठी मात्र अनेकदा डॉलरमध्ये शुल्क मागितले जाते. करदात्यांच्या पैशातून झालेले संशोधन पुन्हा पैसे मोजून का वाचावे, या प्रश्नातून ‘ओपन ॲक्सेस’ अर्थात मुक्त प्रवेशाची चळवळ उभी राहिली. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने तिला निश्चित स्वरूप दिले.

दोन मार्ग

पहिल्या मार्गात नियतकालिकच निबंध विनामूल्य खुला करते. त्याचा खर्च संस्था सोसते किंवा लेखकाकडून शुल्क घेतले जाते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे याचे उदाहरण होय. दुसऱ्या मार्गात निबंध कोठेही प्रसिद्ध झाला, तरी लेखक त्याची स्वीकृत प्रत संस्थेच्या डिजिटल भांडारात जमा करतो.

भारतातील धोरणे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे पीएच.डी.चे प्रबंध डिजिटल स्वरूपात जमा होऊ लागले. ते ‘शोधगंगा’वर विनामूल्य वाचता येतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्ये मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारले. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र याच परिषदेचे असल्याने तेथील संशोधनही या धोरणाच्या कक्षेत येते. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्ये आपल्या अनुदानातून झालेल्या संशोधनासाठी असेच धोरण आखले.

वर्गणी म्हणजे मुक्त प्रवेश नव्हे

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्या कक्षेत आहेत. मात्र पहिल्या टप्प्यात तिचा लाभ शासकीय उच्च शिक्षण संस्था व केंद्रीय संशोधन संस्थांपुरता ठेवण्यात आला. खासगी संस्थेच्या महाविद्यालयातील विद्यार्थी किंवा जेऊरचा बागायतदार या कुंपणाबाहेरच राहतो. वर्गणी संपली की दारही बंद होते. भांडारात जमा झालेला निबंध मात्र सर्वांसाठी खुला राहतो.

त्यामुळे निबंधासाठी शुल्क भरण्यापूर्वी वाचकाने त्याचे शीर्षक संस्थेच्या भांडारात शोधावे, लेखकाचा प्रबंध ‘शोधगंगा’वर पाहावा आणि तेथेही न मिळाल्यास थेट लेखकाकडेच प्रत मागावी.