पुराना पूल: शहराच्या आधी जन्मलेला पूल

हैदराबादचे नाव घेतले की पहिल्यांदा चारमिनार डोळ्यासमोर येतो. पर्यटक तिथे जातात, फोटो काढतात, बिर्याणी खाऊन परत फिरतात. पण याच शहरात चारमिनारपेक्षा तेरा वर्षांनी मोठी असलेली एक वास्तू आहे. तिच्याकडे फारसे कुणी वळत नाही. मुसी नदीवरचा हा दगडी पूल १५७८ साली बांधला गेला. लोक त्याला 'पुराना पूल' म्हणतात. हैदराबाद शहर वसले ते १५९१ साली. म्हणजे हा पूल शहराच्या आधीचा आहे. पूल झाला, म्हणून पलीकडे शहर वसवता आले.

दख्खनच्या मुस्लिम राजवटींबद्दल आपल्याकडे लढाया, तह, जनानखाना आणि धर्मांतर एवढेच बोलले जाते. त्यांनी बांधलेले तलाव, नहरी, सराया, पूल यांची चर्चा जवळपास होत नाही. झालीच तर तिलाही एखाद्या प्रेमकथेचा मुलामा दिला जातो. पुराना पुलाच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. म्हणून त्याची गोष्ट जरा नीट सांगायला हवी.

इब्राहिम कुलीचा काळ

पूल बांधला तो सुलतान इब्राहिम कुली कुतुबशाह याने. १५५० ते १५८० अशी तीस वर्षे तो गोवळकोंड्याच्या गादीवर होता. या सुलतानाचे चरित्र विलक्षण आहे. बापाच्या खुनानंतर भाऊ जमशीद गादीवर आला, तेव्हा इब्राहिमला जीव वाचवून पळावे लागले. तो विजयनगरला रामरायाच्या आश्रयाला गेला आणि तिथे सात वर्षे राहिला. तेलुगू शिकला, तेलुगू कवींच्या सहवासात रमला. पुढे सुलतान झाल्यावर त्याने तेलुगू कवींना आश्रय दिला. त्या कवींनी त्याचे नाव आपल्या उच्चारात 'मल्किभराम' असे करून टाकले. हाच इब्राहिम १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत इतर सुलतानांबरोबर रामरायाच्या विरोधात उभा होता. राजकारण आणि संस्कृती यांचे असे गुंतागुंतीचे नाते दख्खनमध्ये सर्रास दिसते. त्याला 'हिंदू विरुद्ध मुस्लिम' या एका खोक्यात कोंबता येत नाही.

इब्राहिमच्या काळात गोवळकोंड्याचा किल्ला आणि त्याच्या भोवतीची वस्ती माणसांनी भरून गेली होती. किल्ल्याच्या पूर्वेला कारवान ही व्यापाऱ्यांची वस्ती वाढत होती. काफिले थांबायचे म्हणून तिचे नाव कारवान. कृष्णाखोऱ्यातले हिरे आणि तेलंगणातले सुती कापड इथून पूर्वेला मच्छलीपट्टणच्या बंदराकडे जायचे. तिथून ते इराण, अरबस्तान आणि पुढे जायचे. आलेला माल याच वाटेने परत यायचा. या वाटेत मुसी नदी आडवी होती. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी उन्हाळ्यात गुडघाभर असते, पण पावसाळ्यात तिचे रूप बदलते. पूर आला की बैलांचे तांडे काठावर अडकून पडायचे.

इब्राहिमने त्याआधी हुसेनसागर तलाव बांधून पाण्याची सोय केली होती. आता त्याने नदी ओलांडायची सोय केली. ग्रॅनाइटचा दगड आणि चुना वापरून बांधलेल्या या पुलाला २२ कमानी आहेत. लांबी सुमारे ६०० फूट, रुंदी ३५ फूट आणि नदीच्या पात्रापासून उंची ५४ फूट. ३५ फूट रुंदी म्हणजे दोन्ही बाजूंनी लादलेले बैल आणि गाड्या एकाच वेळी आरामात जातील एवढी. ही मापेच सांगतात की पूल बांधणाऱ्याच्या मनात काय होते.

भागमतीची गोष्ट

आता त्या प्रेमकथेकडे येऊ. कथा अशी की, शहजादा मुहम्मद कुली पलीकडच्या चिचलम गावातल्या भागमती नावाच्या नर्तिकेच्या प्रेमात पडला. एका रात्री मुसीला पूर आलेला असताना त्याने घोडा पाण्यात घातला. बापाला हे कळले. मुलाचा जीव पुन्हा धोक्यात येऊ नये म्हणून त्याने हा पूल बांधला. हैदराबादमध्ये आजही काही लोक सांगतात की 'पुराना पूल' हा मूळचा 'प्याराना पूल' आहे.

गोष्ट गोड आहे. पण तारखा तिला साथ देत नाहीत. मुहम्मद कुलीचा जन्म १५६५ च्या आसपासचा. पूल झाला १५७८ मध्ये. तेव्हा शहजादा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. शिवाय एवढा मोठा दगडी पूल एका हंगामात उभा राहत नाही. त्याचे काम त्याआधीच सुरू झालेले असणार, म्हणजे शहजादा त्याहून लहान असताना. बारा वर्षांच्या मुलाच्या इश्कासाठी बापाने राज्याच्या तिजोरीतून पूल बांधला, हे पटण्यासारखे नाही.

नावाचेही तसेच. 'पुराना' हे विशेषण एखाद्या वस्तूला केव्हा लागते? तिच्या शेजारी 'नया' काही आले की. मुसीवर एकोणिसाव्या शतकात आणखी पूल झाले. १८३१ च्या सुमारास इंग्रज रेसिडेन्सीजवळ चादरघाटचा पूल झाला. नंतर निजाम अफजलुद्दौला याच्या काळात अफजल पूल झाला. या अफजल पुलालाच लोक आजही 'नया पूल' म्हणतात. नया आल्यावर आधीचा पुराना झाला. यात प्यार शोधायची गरज नाही.

याचा अर्थ भागमती नावाची कुणी नव्हतीच, असा नाही. तो वेगळा वाद आहे. अकबराचा वकील म्हणून अहमदनगरच्या निजामशाही दरबारात आलेल्या फैजीने तिचा आणि 'भागनगर'चा उल्लेख केला आहे. विजापूरच्या आश्रयाला असलेल्या फरिश्त्यानेही केला आहे. दोघेही समकालीन होते, पण दोघेही गोवळकोंड्याच्या बाहेरचे. कुतुबशाहीचे मोठे अभ्यासक प्रा. हारून खान शेरवानी यांनी ही कथा नाकारली. मूळ नाव 'बागनगर', म्हणजे बागांचे शहर असावे, असे त्यांचे म्हणणे. इतर काही अभ्यासकांना फैजी आणि फरिश्त्याची साक्ष इतक्या सहज बाजूला सारता येत नाही असे वाटते. अभ्यासकांनी वाद घालावा, ते त्यांचे कामच आहे.

अडचण येते ती हा वाद सभांच्या मैदानात पोचतो तेव्हा. शहराचे नाव बदलण्याच्या मागणीत आज भागमतीला ओढले जाते. ज्या कथेत एक मुस्लिम शहजादा एका हिंदू स्त्रीसाठी पुरात घोडा घालतो, तीच कथा दोन समाजांत भिंत उभी करायला वापरली जाते. ज्यांना आंतरधर्मीय प्रेम एरवी खपत नाही, त्यांना नाव बदलण्यापुरती भागमती हवी असते. हा विरोधाभास वाचकांनी ध्यानात घ्यावा.

पॅरिसचा जोडीदार

सतराव्या शतकात झां बाप्तिस्त तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी गोवळकोंड्याला आला होता. त्याने या पुलाची तुलना पॅरिसच्या 'पाँ नफ' या प्रसिद्ध पुलाशी केली आणि हा पूल सौंदर्यात त्याच्याहून फारसा कमी नाही असे लिहिले. गंमत अशी की पाँ नफची पायाभरणीही १५७८ सालचीच. पॅरिसचा पूल पुरा व्हायला मात्र १६०७ साल उजाडले. त्याच्या नावाचा अर्थ 'नवा पूल', आणि आज तो पॅरिसमधला सेन नदीवरचा सर्वात जुना पूल आहे. १५७८ या एकाच सालाशी जोडलेल्या दोन पुलांपैकी एक 'नवा' म्हणून मिरवतो आणि दुसरा 'पुराना' म्हणून विसरला जातो.

तावेर्निएने पुलाच्या अलीकडच्या वस्तीचेही वर्णन केले आहे. व्यापारी, दलाल, कारागीर आणि सामान्य लोक तिथे राहत. पलीकडच्या शहरात अमीर, सरदार, दरबारी मंडळी. सकाळी दहा-अकराच्या सुमारास व्यापारी आणि दलाल शहरात व्यापाराला जात आणि दुपारी चार-पाच वाजता घरी परतत. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही या पुलावर ऑफिसच्या वेळेसारखी गर्दी होत होती. पुलाचा खरा मालक शहजादा नव्हता. रोज येणारा-जाणारा हा कष्टकरी माणूस होता.

महाराष्ट्राच्या इतिहासातही या शहराला जागा आहे. १६७७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज हैदराबादला आले. सुलतान अबुल हसन कुतुबशाह आणि त्याचे मंत्री मादण्णा-आकण्णा यांच्याशी त्यांचा करार झाला आणि कुतुबशाहीच्या मदतीने कर्नाटकची मोहीम निघाली. तेव्हा पूल ९९ वर्षांचा होता. दहाच वर्षांनी, १६८७ मध्ये, औरंगजेबाने आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर गोवळकोंडा जिंकला. एका मुस्लिम बादशहाने एक मुस्लिम सल्तनत बुडवली, आणि त्या सल्तनतीचा मित्र होता मराठ्यांचा छत्रपती. धर्माच्या चष्म्यातून हा इतिहास वाचता येत नाही तो असा.

२८ सप्टेंबर १९०८

पुलाची खरी परीक्षा पुराने घेतली. १८२० च्या पुरात त्याचे नुकसान झाले, तेव्हा निजाम सिकंदर जाह याने त्याची डागडुजी केली. पण १९०८ चा पूर वेगळाच होता. सप्टेंबरच्या अखेरीस मुसीच्या खोऱ्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. खोऱ्यातले दोनशेहून जास्त लहानमोठे तलाव एकामागोमाग फुटले आणि ते सगळे पाणी शहरावर आले. २८ सप्टेंबरला हैदराबादचा मोठा भाग पाण्याखाली होता. सुमारे पंधरा हजार माणसे दगावल्याचे सांगितले जाते. हजारो घरे पडली. उर्दूचे नामवंत रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. घरात ते एकटे वाचले. त्या दिवसावर त्यांनी जी नज्म लिहिली तिचे नाव 'कयामत-ए-सुगरा', म्हणजे छोटी कयामत.

त्या दिवशी अफजल पूल, मुसल्लमजंग पूल आणि चादरघाटचा पूल हे तिन्ही वाहून गेले. मार खाऊन उभा राहिला तो फक्त ३३० वर्षांचा पुराना पूल. दोन काठांना जोडणारा तेवढाच दुवा उरला होता. निजाम मीर महबूब अली खान याने पीडितांसाठी महाल उघडले, लंगर सुरू केले. हिंदू रिवाजाप्रमाणे त्याने नदीची पूजा करून ओटी भरल्याची आठवणही हैदराबादचे लोक आवर्जून सांगतात.

पुढे निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. ते पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि मुंबई सरकारच्या नोकरीत वाढलेले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचे नाव झाले होते. त्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. पूर आवरला आणि शहराला प्यायला पाणीही मिळाले.

मराठवाड्याच्या वाचकाला हे परके वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांची राजधानी हैदराबादच होती. कोर्टकचेरी, उस्मानिया विद्यापीठ, दवाखाना, नोकरी यासाठी आपले आजे-पणजे याच शहरात जात. निजामाच्या जुलमी कारभाराविरुद्ध लढणारेही याच राजधानीशी लढले. त्या शहराचा वारसा काही प्रमाणात आपलाही आहे, चांगला आणि वाईट दोन्ही.

आज पुलावर

आज मोटारगाड्यांसाठी शेजारी नवा पूल आहे. जुन्या पुलावर भाजी-फळांचा बाजार भरतो. दक्षिणेकडच्या टोकाला पुराना पूल दरवाजा अजून उभा आहे. शहराच्या तटबंदीला एके काळी तेरा दरवाजे होते, त्यांतला हा आणि दबीरपुरा असे दोनच उरले. कमानींखालून जे वाहते त्याला नदी म्हणायला जीभ धजत नाही, एवढी मुसी सांडपाण्याने काळी झाली आहे. नदी सुधारण्याचा मोठा सरकारी प्रकल्प आता आला आहे, आणि त्यासाठी काठावरच्या गरिबांची घरे पाडण्यावरून २०२४ मध्ये बराच असंतोषही झाला. नदी स्वच्छ व्हायलाच हवी. पण सुशोभीकरणाच्या नावाखाली भाजीवाली आणि झोपडीवाला यांनाच हटवायचे असेल, तर इब्राहिम कुलीने हा पूल कुणासाठी बांधला होता हे एकदा आठवावे.

सदका-ए-जारिया ही कल्पना आपल्याला ठाऊक आहे: माणूस गेल्यावरही चालू राहणारे पुण्य. विहीर, झाड, वाट, पूल. बांधणारा १५८० मध्ये गेला. त्याची सल्तनत १६८७ मध्ये संपली. त्यानंतरची निजामशाहीही गेली. पूल मात्र कुणाची जात, धर्म, भाषा न विचारता साडेचारशे वर्षे माणसांना पलीकडे पोचवतो आहे. अशा वास्तूच्या रक्षणासाठी तिच्यावर प्रेमकथेचे गिलावे चढवण्याची गरज नाही. कमानींत उगवलेली झाडे काढावीत, दगडांचे सांधे भरावेत, खालच्या नदीत पाणी यावे आणि वरचा बाजार चालू राहावा, एवढे केले तरी पुष्कळ आहे.