कंपनी कोणाची? भांडवलदार आणि संस्थापक

नव्या, अजून सिद्ध न झालेल्या कंपनीला कर्ज न देता तिच्या मालकीत वाटा घेऊन पैसा पुरवायचा, ही व्हेंचर कॅपिटलची मूळ कल्पना. अमेरिकेत तिला पद्धतशीर रूप आले ते १९४६ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’मुळे. तिची धुरा हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ यांच्याकडे होती. बँका तारण मागत आणि हुशार इंजिनिअरपाशी तारण ठेवण्याजोगे काही नसे. ती उणीव या कंपनीने भरून काढली.

१९५७ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतले केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन डोरिओंकडे आले. संगणकाच्या धंद्यात तेव्हा अनेक कंपन्या तोटा सोसत होत्या, म्हणून संचालकांपुढे ‘कॉम्प्युटर’ हा शब्दच काढू नका, असे दोघांना सुचवण्यात आले. त्यांनी आधी सर्किटची मॉड्यूल विकण्याची योजना मांडली. त्यांना ७० हजार डॉलर मिळाले आणि त्या बदल्यात ‘डिजिटल इक्विपमेंट’ या त्यांच्या नव्या कंपनीची ७० टक्के मालकी गेली. आजच्या मापाने हा सौदा संस्थापकांवर अन्याय करणाराच होता. पण ठोठावण्यासारखी दुसरी दारे तेव्हा फारशी नव्हती. मेनार्ड गावातल्या जुन्या लोकर गिरणीत काम सुरू झाले. डोरिओ सल्ला देत राहिले, घाई मात्र त्यांनी केली नाही. १९६६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि त्या ७० हजारांचे मोल पुढे ३५ कोटी डॉलरच्या वर गेले. ओल्सन १९९२ पर्यंत प्रमुखपदी राहिले. इतके दीर्घ आणि विश्वासाचे नाते या धंद्यात पुढे विरळाच झाले.

त्याच १९५७ साली कॅलिफोर्नियात विल्यम शॉक्ली यांच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेतले आठ जण स्वतःची कंपनी काढण्यासाठी एकत्र बाहेर पडले. गुंतवणूक बँकेतल्या आर्थर रॉक यांनी त्यांच्यासाठी शर्मन फेअरचाइल्ड हे भांडवलदार शोधले. नव्या कंपनीत आठही जणांना समान समभाग मिळाले. मात्र सगळे समभाग ३० लाख डॉलरला विकत घेण्याचा हक्क फेअरचाइल्ड यांच्या कंपनीने राखून ठेवला होता आणि १९५९ मध्ये तो बजावला. प्रत्येकाच्या हाती सुमारे अडीच लाख डॉलर आले, पण मालकाचे ते नोकर झाले. त्यांच्यापैकी रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली, तेव्हा स्वतःचा पैसाही घातला. उरलेले २५ लाख रॉक यांनी उभे केले.

१९७२ मध्ये क्लायनर पर्किन्स आणि सिकोया या व्हेंचर कॅपिटल संस्था सुरू झाल्या. १९७९ मध्ये निवृत्तिवेतन निधींचे नियम सैल झाले, तसा या धंद्यात पैशाचा ओघ वाढला. व्हेंचर कॅपिटलचे फंड साधारण दहा वर्षांच्या मुदतीचे असत. ठरलेल्या वेळी परतावा द्यायचा असल्याने डोरिओंइतका धीर धरणे भांडवलदारांना परवडेना.

याची झळ नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या संस्थापकांना बसली. लिओनार्ड बोझॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने १९८४ मध्ये ती सुरू केली. १९८७ मध्ये सिकोयाचे डॉन व्हॅलेंटाइन यांनी २५ लाख डॉलर घातले आणि व्यवस्थापक नेमण्याचा अधिकार मिळवला. १९८८ मध्ये जॉन मॉर्ग्रिज प्रमुख झाले. फेब्रुवारी १९९० मध्ये समभाग बाजारात आले आणि ऑगस्टमध्ये लर्नर यांना काढून टाकण्यात आले. बोझॅकही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. करारात सगळे लिहिलेले होते, तरी ज्यांच्या तंत्रज्ञानावर कंपनी उभी राहिली त्यांची गच्छंती इतक्या सहज व्हावी, हे खटकल्यावाचून राहत नाही.

गूगलच्या संस्थापकांनी १९९९ मध्ये सिकोया आणि क्लायनर पर्किन्स या दोघांकडून सारखाच पैसा घेतला, म्हणजे एकाच्याच हाती सूत्रे जाणार नाहीत. तरी अनुभवी प्रमुख नेमण्याची अट त्यांना मान्य करावी लागली आणि २००१ मध्ये एरिक श्मिट आले. २००४ मध्ये शेअर बाजारात उतरताना मात्र संस्थापकांच्या प्रत्येक समभागाला दहा मते देण्यात आली. २००५ मध्ये सुरू झालेल्या वाय कॉम्बिनेटरने थोड्या पैशांत अगदी नवख्या संस्थापकांना हात दिला. याच संस्थेने २०१३ मध्ये ‘सेफ’ नावाचा, आज पैसे देऊन पुढे समभाग घेण्याचा छोटा करारनामा आणला. त्यात ना व्याज, ना परतफेडीची तारीख. पैसे देणाऱ्याला संचालक मंडळावर जागाही मिळत नाही.