अल्झायमर : मेंदूतील रक्षक पेशी व ताण-प्रथिने यांच्या शोधाचा इतिहास

नांदेड-लातूर परिसरात वृद्धांचे वाढते विस्मरण आजही अनेकदा 'म्हातारचळ' म्हणून सोडून दिले जाते. वस्तुतः १९०६ मध्ये जर्मनीत अलॉइस अल्झायमर यांनी ५५ व्या वर्षी निधन पावलेल्या ऑगस्टे डेटर या रुग्णेच्या मेंदूतील विकृती मांडली होती. पुढे १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी मायक्रोग्लिया या रक्षक पेशी ओळखल्या. १९६२ मध्ये इटलीच्या फेरुचिओ रितोसा यांनी फळमाशीत नोंदविलेल्या उष्णता-प्रतिसादातून ताण-प्रथिनांच्या शोधाची वाट खुली झाली. ही प्रथिने बिघडलेल्या प्रथिनांची घडी सावरतात. मायक्रोग्लिया अमायलॉइड गिळतात, मात्र दीर्घकाळ उद्दीपित राहिल्यास चेतापेशींनाच इजा करतात. २०१३ मध्ये ट्रेम-२ जनुकाच्या अभ्यासाने या पेशींचे महत्त्व अधोरेखित केले. सारांश, प्रत्येक विस्मरण वार्धक्याचा दोष नसते. 'म्हातारचळ' हा शब्द निदानाची वाट अडवितो.