सूर्यकिरण हवाई कसरतपथक

भारतीय हवाई दलाचे जेट विमानांचे प्रदर्शनपथक. स्थापना १९९६. मुख्य तळ बीदर (कर्नाटक). दलाच्या संघटनेत ते ५२ वे स्क्वॉड्रन म्हणून गणले जाते. नऊ विमानांनी परस्परांत काही मीटरांचेच अंतर राखून विविध आकृतिबंध साधणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. अशी पथके केवळ शोभेसाठी असतात, असा समज आहे. तथापि सूर्यकिरणाचे चढउतार हे मुख्यतः वैमानिक-प्रशिक्षणाच्या गरजांशी निगडित राहिले आहेत.

हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९८२ मध्ये ‘थंडरबोल्ट्स’ हे नऊ हंटर विमानांचे पथक उभारण्यात आले होते. हंटर हे ब्रिटिश बनावटीचे लढाऊ विमान १९६५ व १९७१ च्या युद्धांत वापरले गेले होते. त्या दशकाच्या अखेरीस हे पथक बंद झाले.

सूर्यकिरणासाठी लढाऊ विमानाऐवजी किरण मार्क २ हे प्रशिक्षण विमान निवडण्यात आले. मूळ किरण विमानाचा आराखडा बंगळूरच्या हिंदुस्थान एरॉनॉटिक्समध्ये विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. घाटगे मूळचे कोल्हापूर भागातील असून जर्मनीत गटिंगेन येथे लूटव्हिख प्रांट्ल यांचे शिष्य होते. किरणाचे पहिले उड्डाण १९६४ मध्ये, तर ऑर्फियस एंजिन बसविलेल्या मार्क २ चे १९७६ मध्ये झाले. कमी वेगामुळे अशा विमानांच्या कसरती प्रेक्षकांच्या दृष्टिक्षेपात राहू शकतात व खर्चही आटोक्यात राहतो. २००१ मध्ये पथकाने श्रीलंकेत प्रयोग केले.

संघउड्डाणात प्रत्येक वैमानिक आपल्या शेजारच्या विमानावरील ठराविक खुणांकडे पाहून आपले स्थान राखतो. दिशा, उंची व वेळ यांची जबाबदारी एकट्या नेत्याची असते. त्याच्या नभोवाणी-आज्ञेवर सर्व विमाने एकदम वळतात. त्यामुळे नेत्याची चूक सर्वांना भोवते, आणि इतरांपैकी कोणी चुकल्यास सावरण्यास क्षणाचाच अवधी मिळतो. विमानाच्या निष्कासनळीतील तप्त वायूंत तेल सोडून धुराचे पट्टे निर्माण केले जातात.

या कलेची किंमत मोठी आहे. बीदरजवळ मार्च २००६ मधील अपघातात दोन व जानेवारी २००९ मध्ये एक वैमानिक मृत्युमुखी पडला. गोव्यातील दाभोळी येथे तळ असलेले नौदलाचे ‘सागर पवन’ हे पथकही किरण विमानेच वापरीत असे. ३ मार्च २०१० रोजी हैदराबाद येथे त्याचे एक विमान कोसळून दोन अधिकारी मरण पावले.

सूर्यकिरण मात्र अपघातांमुळे थांबले नाही. प्राथमिक प्रशिक्षणाचे दीपक (एचपीटी-३२) हे विमान जुलै २००९ मध्ये सेवेतून थांबविण्यात आल्याने नवोदितांना आरंभापासूनच किरण विमानांवर शिकविणे भाग पडले. विमानांची चणचण भासू लागली. परिणामी फेब्रुवारी २०११ मधील बंगळूरच्या हवाई प्रदर्शनानंतर पथक स्थगित करून त्याची विमाने प्रशिक्षणाकडे वळविण्यात आली.

दरम्यान २००८ पासून हॉक मार्क १३२ ही प्रगत प्रशिक्षण विमाने दलात दाखल होत होती. त्यांपैकी बहुसंख्य हिंदुस्थान एरॉनॉटिक्सने परवान्यान्वये बांधली. २०१३ मध्ये पिलाटस पीसी-७ मार्क २ आल्याने प्राथमिक प्रशिक्षणाची उणीवही भरून निघाली. २०१५ मध्ये हॉक विमानांसह पथक पुनरुज्जीवित झाले. प्रथम चार विमाने होती. २०१७ पर्यंत ती नऊ झाली. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी येलहंका येथे सरावाच्या वेळी दोन हॉक विमाने परस्परांवर आदळून एक वैमानिक मृत्युमुखी पडला, तर दोघे हवाई छत्रीच्या साह्याने बचावले. त्यानंतरही पथकाचे कार्य चालू राहिले.

तरुणांना हवाई दलाकडे आकृष्ट करणे व दलाच्या कौशल्याचा प्रत्यय जनतेस आणून देणे, ही पथकाची उद्दिष्टे होत. त्यासाठी लागणारे विमान व वैमानिक दोन्ही प्रशिक्षणव्यवस्थेतून आणि लढाऊ तुकड्यांतूनच घ्यावे लागतात. म्हणून असे पथक किती काळ टिकते, यावरून त्या दलाची प्रशिक्षणव्यवस्था कितपत भक्कम आहे, याचाही काहीसा अंदाज बांधता येतो.