सरकत्या वाळूवरची सुटी

श्रोतेहो, उन्हाळ्याची सुटी आणि इतिहास यांचा परस्परांशी काय संबंध, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आली असेल. सुटीचा बेत आखताना आपण भाडे, मुक्काम, खाणेपिणे आणि हवा यांचा विचार करतो. त्या जागेचा इतिहास सहसा विचारीत नाही. परंतु अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अशी एक जागा आहे की, तेथे इतिहास न विचारता आखलेला बेत हमखास फसतो. उत्तर कॅरोलिना राज्यासमोरील ‘आउटर बँक्स’ नावाच्या बेटांविषयी मी बोलणार आहे.

आपल्या कोकणच्या किनाऱ्याला काळ्या कातळाची पाठ आहे. या बेटांना तसला आधार नाही. मुख्य भूमीपासून दूर, समुद्रात एखादा लांबलचक बांध घालावा तशी ही निव्वळ वाळूची चिंचोळी पट्टी सुमारे २०० मैल पसरलेली आहे. एका बाजूस खवळलेला अटलांटिक, दुसऱ्या बाजूस पामलिकोसारखे विस्तीर्ण पण उथळ पाणी. समुद्राचा पहिला मारा ही बेटे आपल्या अंगावर घेतात आणि मार खात खात स्वतः हळूहळू मागे, म्हणजे जमिनीच्या दिशेने, सरकतात. वादळी लाटा पुढची वाळू उचलून बेटावरून पलीकडे टाकतात. पुढची बाजू झिजते, मागची भरते. या सरकण्यामुळेच बेट टिकून राहते. हे एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची सारी कथा समजते.

येथे सुटी घालवण्याची चाल पडली ती १८३० च्या सुमारास. मुख्य भूमीवरील मोठे जमीनदार दर उन्हाळ्यात हिवतापाने हैराण होत. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने ताप येतो अशी तेव्हाची समजूत होती. डासांचा दोष कोणाला ठाऊक नव्हता. तेव्हा ही मंडळी खाऱ्या वाऱ्यासाठी नॅग्ज हेड येथे बिऱ्हाडे हलवू लागली. १८३८ मध्ये तेथे हॉटेलही उभे राहिले. या सुखासीन उन्हाळ्यामागे गुलामांचे श्रम होते, हे विसरून चालणार नाही. एकाची सुटी म्हणजे दुसऱ्याची दुप्पट चाकरी, असा तो काळ होता.

परंतु या लोकांच्या पदरी एक शहाणपण टाकले पाहिजे. पुढे यादवी युद्धानंतर समुद्राच्या तोंडावर जी लाकडी घरे उभी राहिली, ती खांबांवर बांधलेली होती. समुद्र जवळ आला की घरमालक ते घर ओंडक्यांवरून मागे सरकवीत. आपण येथे वतनदार नाही, पाहुणे आहोत, हे त्यांनी ओळखले होते.

या बेटांवरची जगप्रसिद्ध सुटी मात्र १९०० सालची. ओहायो राज्यातील डेटन गावी सायकलींचे दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटला विमानाचे प्रयोग करण्यासाठी जागा हवी होती. त्याने बेत कसा आखला ते पाहा. प्रथम हवामान खात्याकडून वाऱ्याच्या वेगाचे आकडे मिळवले. मग किटी हॉक येथे चौकशीचे पत्र धाडले. उलट टपाली विल्यम टेट नावाच्या गावकऱ्याने मोकळी वाळू, वाहता वारा आणि मनापासूनचे आतिथ्य यांची हमी दिली. धंद्याचा हंगाम ओसरल्यावर, सप्टेंबरात, विल्बर तेथे पोहोचला. पाठोपाठ ऑरव्हिल आला. तंबू ठोकला, चूल मांडली. टेटबाईंच्या शिवणयंत्रावर ग्लायडरच्या पंखांचे कापड शिवले गेले आणि परत निघताना टाकून दिलेल्या त्याच कापडाचे बाईंनी आपल्या मुलींना झगे शिवले. पुढल्या साली डासांनी या बंधूंना रडकुंडीस आणले, तरी ते येत राहिले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र १२ सेकंदांत १२० फूट उडाले. ते याच वाळूवर.

आता गंमत अशी की, त्यांचे स्मारक उभारायचे ठरले तेव्हा ज्या टेकडीवरून त्यांनी ग्लायडर उडवले, ती किल डेव्हिल टेकडी सुमारे ४५० फूट सरकलेली आढळली! गवत लावून तिला थोपवावे लागले, मगच १९३२ मध्ये स्मारक पुरे झाले.

पुढे सरकारने या किनाऱ्याचा मोठा भाग राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखून ठेवला. १९३७ मध्ये कायदा झाला, १९५३ मध्ये तो प्रत्यक्षात आला. अशा प्रकारचा हा त्या देशातील पहिलाच किनारा. त्यामुळे गळ टाकणे, पोहणे, होडी वल्हवणे, पक्षी पाहणे ही मौज जमीनदारांची न राहता सर्वांची झाली. १९६३ मध्ये ओरेगन इनलेटवर पूल झाला आणि मोटारींची रीघ लागली. हे ओरेगन इनलेटही १८४६ च्या एका वादळाने फोडलेले तोंड आहे, हे लक्षात घ्या.

रीघ लागली तशी घरे वाढली. मात्र ती आता जागची हलेनात. १९३० च्या दशकात कुंपणे घालून आणि गवत लावून वाळूची तटबंदी उभारली होती, तिच्या भरवशावर लोक निश्चिंत झाले. पण या तटबंदीने वाळूचे पलीकडे जाणेच अडवले, असे संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. २००३ मध्ये इसाबेल वादळाने हॅटरास बेट फोडले. रोडान्थी येथे २०२० पासून अनेक घरे समुद्रात कोसळली आहेत. याउलट हॅटरासचे विटांचे दीपगृह पाहा. १८७० मध्ये ते समुद्रापासून १,५०० फुटांवर होते. समुद्र पायथ्याशी येऊन ठेपला, तेव्हा १९९९ मध्ये ते सबंध उचलून २३ दिवसांत २,९०० फूट मागे नेले. जुन्या घरमालकांचेच शहाणपण पुन्हा उपयोगी पडले.

तेव्हा तेथे जाणाऱ्याने बेत आखावा तो असा. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम आहे. परतीच्या दोन दिवसांची सवड हाताशी ठेवावी. लहान मुलांना आतल्या उथळ पाण्यावर न्यावे. समुद्रात ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झगडू नये; किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे. वाळू धरून ठेवणारे गवत तुडवू नये. आणि राइट बंधूंप्रमाणे, निघण्यापूर्वी वाऱ्याची आणि गावकऱ्यांची चौकशी करावी.

राजे आणि लढाया यांचा इतिहास आपण आवडीने ऐकतो. पायाखालच्या जमिनीचाही इतिहास असतो आणि तो अजून संपलेला नसतो, एवढे या बेटांपासून शिकता आले तर ही सुटी सार्थकी लागली, असे मी म्हणेन.