ठसा कशावर कोरावा?

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी घरची सुवासिनी तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मूठ बुडविते आणि उंबरठ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावले उमटवीत जाते. डाव्या मुठीने एक पाऊल, उजव्या मुठीने दुसरे. वर बोटाने पाच ठिपके दिले की झाले. ठसा म्हणून काय लागते, ते सारे या कामात आहे. एक आकार, एक रंग, आणि तोच आकार पुन्हा पुन्हा उमटविण्याची सोय. मूठ मात्र कोरता येत नाही. वेगळा आकार हवा असेल, तर मुठीऐवजी दुसरे काहीतरी हाती घ्यावे लागते, आणि ते काय घ्यावे या विचारातच माणसाच्या हस्तकौशल्याचा मोठा इतिहास दडला आहे.

हा विचार करण्याचे निमित्त एका खेळाचे आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डार्टमूर नावाचे ओसाड माळरान आहे. तेथे १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. जो तेथवर पोहोचेल त्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे, एवढीच कल्पना. पुढे बाटल्यांच्या जागी लपविलेल्या पेट्या आल्या आणि पेटीत वही व ठसा आला. शोधणारा पेटीतला ठसा आपल्या वहीत उमटवितो आणि स्वतःचा ठसा पेटीतल्या वहीत. १९९८ साली एका मासिकातील लेखामुळे हा खेळ अमेरिकेतही पसरला. त्याचे नाव ‘लेटरबॉक्सिंग’. सांकशीच्या गडवाटेवर आमच्या पेण तालुक्यातील मुलांनी तो खेळावयाचे ठरविले, तर पहिला प्रश्न हाच येईल : आपला ठसा कशावर कोरावा?

प्रश्न पोरांचा दिसला तरी तो साडेचार हजार वर्षांचा आहे. मोहेंजोदडोच्या कारागिरापुढेही तो होता. दगड कठीण घ्यावा तर कोरणी चालत नाही. मऊ घ्यावा तर चार दिवसांत कडा झिजतात. त्याने शंखजिऱ्याचा मऊ दगड निवडला, त्यावर बैल, हत्ती आणि अक्षरे बारकाईने कोरली आणि मग तो दगड भट्टीत भाजून कठीण केला. कोरताना मऊ आणि वापरताना कणखर : ठशाच्या सामग्रीचा सारा इतिहास या एका सूत्रात सांगता येतो.

हे सूत्र आमच्या भागाला अपरिचित नाही. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत ते रोज दिसते. शाडू ओला असताना साच्यात दाबावा तसा बसतो आणि वाळला की सोंडेचे वळणही धरून ठेवतो. साचा काय नि ठसा काय, दोघे सख्खे भाऊ. जे खोल आहे ते उंच होऊन येते आणि जे डावीकडे आहे ते उजवीकडे जाते.

पण ठसा टिकला पाहिजे, ही एवढी निकड कशासाठी? कारण ठसा म्हणजे माणसाचा शब्द. रांझे गावच्या पाटलासंबंधीचे शिवाजी महाराजांचे १६४६ सालचे पत्र प्रसिद्ध आहे. त्यावर उमटलेली अष्टकोनी मुद्रा संस्कृतात आहे, आणि आपण प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाऊ व लोकांच्या कल्याणासाठी शोभू, असे ती सांगते. फारसी मुद्रांच्या त्या काळात हा केवढा निर्धार! पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपताच खाली मोर्तब. म्हणजे नंतर कोणी एक ओळही घुसडू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द याच दोन ठशांचा आहे. पेशव्यांच्या हाती सारा कारभार आला, तरी त्यांच्या मुद्रेत आधी छत्रपतींचे नाव येई आणि मग प्रधानाचे. मुद्रा बोटभर, पण सत्तेची पायरी तिच्यात कोरलेली असे.

आणि ज्याला मुद्रा नाही, अक्षरही नाही, त्याने काय करावे? जुन्या महजरांवर पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करीत, शिपाईगडी कट्यारीची करीत. चार रेघांच्या त्या नांगराला गावात सहीची किंमत होती. नवशिक्याने हा धडा गिरवावा. पहिला ठसा अक्षरांचा नको, निशाणीचा असावा.

अक्षरे कोरणे किती अवघड, हे आपल्या छपाईच्या इतिहासाला विचारावे. १८०५ साली मिरजेस भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. काम देखणे, पण एक पान कोरले की ते त्याच पानाचे राहिले, त्यातले अक्षर उचलून दुसरीकडे लावता येत नाही. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळेवर. तेथे कोरणीच नाही; तेलकट शाईने दगडावर लिहावयाचे आणि पाणी व तेल यांचे वैर आहे, त्यावर काम भागवावयाचे. पुढे जावजी दादाजी आणि राणोजी रावजी आरू यांनी निर्णयसागरच्या टंकांना जे रूप दिले, त्यामागे तीन धातूंची भागीदारी होती. पोलाद तापवून सावकाश निवविले की नरम पडते. तेव्हा त्याच्या टोकावर अक्षर कोरावयाचे. मग ते पुन्हा लाल करून बुडविले की कडक होते. तो पोलादी ठसा तांब्यावर ठोकून साचा घ्यावयाचा आणि साच्यात शिशाचा रस ओतून हवी तितकी अक्षरे पाडावयाची. डोलवीच्या खाडीकाठी आज पोलादाचा प्रचंड कारखाना उभा आहे. त्याच पोलादाच्या बोटभर तुकड्याने मराठी वाचकाला सुबक अक्षर दिले.

लाकडाचे तंत्र निराळे. कापड छापण्याचे ठसे सागवानाचे करतात. लाकडाला रेषा असतात. रेषेच्या दिशेने पटाशी सुखाने जाते. आडवी गेली की कपची उडते. म्हणून आपली शिरोरेषा लाकडाच्या रेषेला समांतर ठेवावी, आणि ‘ध’, ‘भ’ यांच्या बारीक गाठींपासून नवशिक्याने दूरच राहावे. लिनोलियमला अशा रेषा नसतात. जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांपासून केलेले हे जमिनीवर अंथरण्याचे कापड. पण चित्रकारांनी ते उचलले. मुंबईत अंधेरीला राहणाऱ्या चित्तप्रसादांनी लिनोवर कोरलेली कष्टकऱ्यांची आणि त्यांच्या मुलांची चित्रे पाहावीत. स्वस्त सामग्रीतून केवढे मोठे बोलता येते ते कळते.

मग आपल्या मुलांनी आरंभ कोठून करावा? भेंडी आडवी चिरली की पाच पाकळ्यांचे फूल तयारच मिळते; पाच वर्षांच्या मुलाला तेवढे पुरे. बटाट्यावर नांगर, पणती, मासा सहज कोरता येतो. पण दुसऱ्या दिवशी तो सुरकुततो. ज्याला आपली निशाणी वर्षभर वहीवहीतून न्यावयाची आहे, त्याने मोठे, सपाट खोडरबर घ्यावे. ते हाताला मऊ, शाईला तरबेज, आणि त्याला लाकडासारखी आडवी-उभी रेष नाही. कागदावर मऊ शिसपेन्सिलीने चित्र काढून ते रबरावर पालथे दाबले की आपोआप उलटे उमटते. मग ठसा मारला की सुलटे येते. उलट्या अक्षराचे कोडे असे सुटते. रेघेच्या बाजूची जागा तिरकी उतरत कोरावी. तळाशी पोखरली तर रेघ मोडून पडते. पाते नेहमी दुसऱ्या हातापासून दूर चालावे आणि जवळ वडीलमाणूस असावे. हात बसला की लिनो; थंडीत तो ताठरतो, तेव्हा थोडा वेळ उन्हात ठेवला की नरम येतो. लाकूड त्याच्यानंतर. धातूची वाट तर गुरूवाचून धरूच नये.

पुष्कळदा पालक हौसेने एकदम सागवानाचा ठोकळा आणि हत्यारांची पेटी आणून देतात. मुलाच्या हातून दोन कपच्या उडतात, बोट कापते, आणि ‘मला येत नाही’ हा एकच ठसा त्याच्या मनावर पक्का बसतो. तो मात्र कोणत्याही शाईवाचून जन्मभर टिकतो. त्यापेक्षा खोडरबरावरचा वाकडा नांगर बरा. तो त्या मुलाचा स्वतःचा असतो, आणि जेथे तो उमटेल तेथे ‘मी येथवर आलो होतो’ ही साक्ष देतो.